श्रावणात सोडलेली राजलक्ष्मी

सूर्याजी दरेकरांच्या खापरपणजोबांनी दख्खनेतून ग्वाल्हेरला येताना भाला आणला होता म्हणतात. मधल्या पिढ्यांत त्या भाल्याचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. सूर्याजींच्या हाती आला तो गळ. फौजा मोडल्या, लढाया संपल्या, दरेकर मंडळी नोकरीधंद्याला लागली, आणि सूर्याजींनी पाटणकर बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. सहा दिवस दुसऱ्यांच्या बायकांची मशीनं आणि सातव्या दिवशी मासे, असा त्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा आठवडा. वय एकाहत्तर, अंगाने काडीपैलवान, मिशी मात्र अजून फौजेत असल्यासारखी.

पावसाळ्यात नदीत आणि धरणात मासेमारीला बंदी असते. सूर्याजी कायदा मोडणाऱ्यांतले नव्हते, कायद्याच्या कडेने जाणाऱ्यांतले होते. शहराबाहेर मुरारच्या पुढे आठेक किलोमीटरवर संग्रामसिंह नावाच्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचं खाजगी तळं होतं. संग्रामसिंहांच्या आईचं मशीन सूर्याजींनी तीनदा मरणाच्या दारातून परत आणलं होतं, त्या उपकारावर तळ्याचा एक कोपरा त्यांना कायमचा मोकळा होता. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवर मागे माधवरावांना बसवून तिकडे जात. माधवराव निवृत्त वकील, जातीने ब्राह्मण, मासा तर सोडाच, पण चातुर्मासात कांद्यालाही तोंड न लावणारे. मासा बघायचा, शिवायचा नाही, एवढं सोवळं सांभाळून ते बावीस वर्षं छत्रीखाली बसून दुसऱ्याची शिकार चवीने बघत आले होते.

आता श्रावणाचं. दरेकरांकडे अकरा महिने बोकड, कोंबडी, मासा, ज्याची पाळी येईल तो शिजतो. श्रावणात मात्र अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. हा कायदा विजयाबाईंचा, आणि त्यावर अपील नाही. लग्नानंतर एका श्रावणात सूर्याजी चारही रविवार घरी बसले. त्या महिन्यात त्यांनी सगळे पंखे उतरवून त्यांना तेल घातलं, मिक्सर चांगला चालत असताना सुधारायला घेतला, आणि विजयाबाईंना पोळ्या लाटण्याची योग्य पद्धत समजावली. पुढच्या श्रावणात विजयाबाई आपण होऊन म्हणाल्या, "जा बाई एकदाचे तळ्यावर. धरा आणि सोडून द्या. पण काही घरी आणू नका."

तेव्हापासून दिव्यांच्या अवसेला विजयाबाई दिवे घासायला बसल्या की सूर्याजी शेजारी गळ घासायला बसत. गळाला जो उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा निसटत नाही, तो ते बारीक कानशीने घासून साफ करत. मग दोघं नवराबायको आपापलं काम पाटावर मांडून बघत. श्रावणभर सूर्याजी बिनकाट्याच्या गळाने मासा धरत, फोटो काढत, वजन करत आणि अलगद पाण्यात सोडत. आपल्याइतका पुण्यवान मासेमार अख्ख्या चंबळ खोऱ्यात नसेल, असं त्यांना मनापासून वाटे. हे त्यांनी बाजारात इतक्यांदा सांगितलं होतं की शेजारचा बटणवाला श्रावण आला की दुपारी दुकान बंद करून झोपायला जाई.

पुण्याचा पुरावाही होता. दुकानाच्या गल्ल्यावरच्या काचेखाली तीन फोटो ओळीने लावलेले होते, तीन श्रावणांचे. तिन्हींत सूर्याजी हसतायत आणि हातात तीच एक रोहू आहे. शेपटीला अर्धचंद्रासारखी खाच, म्हणून ओळख पटे. तिचं नाव त्यांनी राजलक्ष्मी ठेवलं होतं. हे माधवरावांच्या सासूबाईंचं नाव, आणि माधवरावांनी ते कौतुकाने ठेवू दिलं होतं, कारण सासूबाईही खालचा ओठ असाच पुढे काढून बसत. फोटोखाली वजनं लिहिलेली: सव्वातीन किलो, तीन किलो, अडीच किलो. "दरवर्षी येती है," सूर्याजी गिऱ्हाइकाला दाखवत, "पहचानती है मुझे." वजन घटतंय हे कुणाच्या लक्षात आलं तर त्यांचं उत्तर तयार होतं: "तीही श्रावण पाळते." यावर हमखास हशा पिकत असे.

या वर्षी त्यांची नात हेमांगी घरी आली होती. पशुवैद्यकीची पदवी घेतली होती, महिन्याभराने एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. सहा वर्षांची असताना सूर्याजींनी तिला गळ लावायला शिकवलं, आणि पुढची दहा वर्षं ती प्रत्येक रविवारी त्यांच्या उजव्या हाताला बसत असे. मग कॉलेज, हॉस्टेल, परीक्षा. सूर्याजींना या श्रावणात दुसरं काही नको होतं, फक्त पोरीने नोकरीवर जाण्याआधी एकदा शेजारी येऊन बसावं. आता गेली की ती दिवाळीची पाहुणी होणार, हे त्यांना कळत होतं, आणि त्या विचाराने त्यांचं कामात लक्ष लागेना.

"मी नाही येणार, आबा," हेमांगी म्हणाली.

"काम आहे?"

"काम नाही. मला ते बरोबर नाही वाटत आता. क्रूर आहे ते."

सूर्याजींनी हातातला स्क्रू टाकला. क्रूर. ज्या माणसाने आयुष्यात मुंगीला वळसा घातला, तो क्रूर. आता ती मुंगी त्यांनी वळसा घातलेली विजयाबाईंनी कधी पाहिली नव्हती, पण ते असो.

"तू मासे खायचं सोडलंस?"

"छे. श्रावण संपू दे, आजीच्या हातची दोन ताटं खाईन. खाण्याबद्दल मी काही बोलतच नाहीये."

"मग बोलतेस कशाबद्दल?"

"तुम्ही तुमची बाजू मांडा. पटली तर रविवारी येते, दिवसभर बसते. नाही पटली तर नाही. फेअर है ना?"

सूर्याजींनी ताबडतोब वकील केला. गुरुवारी दुपारी दुकानातच सुनावणी ठेवली. माधवराव इस्त्रीचा सदरा घालून आले, आठ वर्षांनी पहिलीच केस होती. हेमांगी स्टुलावर बसली. आरोपी एका पायमशीनचं शटल साफ करत होता, पण कान इकडेच होते.

"मुद्दा पहिला," माधवराव म्हणाले. "मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याला वेदना होत नाहीत."

"माधवआजोबा, त्याला हात नसतात. जगात जे काही चाचपायचं ते तो तोंडाने चाचपतो. तिथेच सगळ्या नसा, आणि तिथेच तुम्ही लोखंड घालता."

"ओरडत नाही तो."

"तुमचे किती अशील कोर्टात ओरडायचे?"

माधवरावांनी क्षणभर आपले अशील आठवून पाहिले. "बरं. मुद्दा दुसरा. साक्षात भगवंताने मत्स्यावतार घेतला आहे."

"वकीलसाहेब," सूर्याजी शटलमधून मान वर काढून म्हणाले, "बात अशी आहे की हा मुद्दा माझ्याच विरुद्ध जातोय."

"हो की," माधवराव म्हणाले आणि पाणी प्यायले. "मुद्दा तिसरा. जाळंवाले क्विंटलच्या हिशेबाने मासे काढतात. त्यांच्यापुढे एका म्हाताऱ्याचा एक गळ म्हणजे काय?"

"ते पोटासाठी काढतात."

"आणि हा काय पाठीसाठी काढतो?"

"श्रावणात?" हेमांगीने विचारलं.

इथे सूर्याजींना राहवलं नाही. हुकमाचा एक्का वकिलाच्या हातून वाया जायला नको म्हणून त्यांनी तो स्वतःच टाकला. "श्रावणात तर मी एकही मारत नाही. काटा घासून टाकतो, हाताला पाणी लावून धरतो, सगळे सोडतो. विचार याला."

"तेच तर, आबा," हेमांगी म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "अकरा महिने तुम्ही मासा मारता आणि खाता. त्याची बाजू मी स्वतः मांडेन, कुणापुढेही. पण श्रावणात तुम्ही त्याला नुसता खेळायला घेता. दुखवायचं, दमवायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा दुखवायला परत पाठवायचं. जरा सोचो ना."

सूर्याजींनी शटल खाली ठेवलं. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, असं लोक म्हणतात ते ठीक आहे. पण ज्याची देवपूजाच गुन्हा ठरली त्याने कुठे जावं? बारा महिन्यांतला एकच महिना त्यांनी पुण्याच्या खात्यात टाकला होता आणि पोरीने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं होतं. त्यांना राग आला. रागाच्या भरात त्यांनी काचेवर बोट आपटलं. "ही बघ राजलक्ष्मी. तीन वर्षं येतेय. त्रास झाला असता तर आली असती का परत?"

हेमांगी वाकली. पहिल्या फोटोवर थोडी थांबली, दुसऱ्यावर जास्त थांबली, मग तिने सूर्याजींचं सुया तपासायचं भिंग उचललं आणि तिसरा फोटो पाहिला. 

"रोहू दरवर्षी वाढते, आबा. घटत नाही."

"तीही श्रावण पाळते," सूर्याजी म्हणाले. कुणी हसलं नाही. बटणवालासुद्धा नाही, आणि तो जागा होता.

"इकडे बघा. पहिल्या वर्षी ओठ जरासा फाटलाय. दुसऱ्या वर्षी ही बाजू लोंबतेय. गेल्या वर्षी खालचा ओठ जवळजवळ नाहीच, जबडा तिरका बसलाय. एका श्रावणात किती वेळा लागायची?"

"चार रविवारांत... दोनदा, तीनदा."

"ती शेवाळ खरवडून खाते. त्याला ओठ लागतात. आता तिला दगडावरचं काही काढता येत नसणार. तुमची कणकेची गोळी मऊ असते, नुसती गिळता येते." हेमांगीने भिंग खाली ठेवलं. "ती तुम्हाला ओळखून येत नाही. भूक लागते म्हणून येते."

सूर्याजींनी काचेखालचा आपला हसरा चेहरा तीनदा पाहिला. त्यांना लाज वाटली. स्वच्छ, पोटातून आलेली लाज, लहानपणी वडिलांच्या खिशातून चोरलेली विडी आपल्याजवळ सापडल्यावर वाटली होती तशी. माधवरावांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. केस कुणी जिंकली हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

संध्याकाळी घरी सूर्याजी म्हणाले, "रविवारी चल. बसायला नको. डॉक्टर म्हणून ये, तिला बघ."

"बघायला धरावी लागेल ना?"

"लागेल," सूर्याजी म्हणाले, आणि दोघंही दुसरीकडे बघू लागले.

शनिवारी राखी झाली. रविवारी तिघं तळ्यावर पोहोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि पाणी गढूळ होतं. सूर्याजींना हवं होतं ते मिळालं होतं, नात उजव्या हाताला बसली होती, आणि त्यांना त्यात काडीचा आनंद नव्हता. त्यांनी कणकेचे गोळे कोपऱ्यात चारा म्हणून फेकले, गळ टाकला आणि पाण्यावरच्या बुचाकडे बघत बसले. तास गेला. कणीक सैल झाली म्हणून त्यांनी काठी हेमांगीच्या हातात दिली आणि पीठ मळायला घेतलं.

तेवढ्यात बूच बुडालं. सूर्याजी पिठाच्या हातांनी उठेपर्यंत पोरीने मनगटाला जो हिसका द्यायचा तो दिला होता, दोरी हवी तेवढी सोडली होती, ओढायची तेव्हा ओढली होती. आठ वर्षांत काही विसरली नव्हती. जिभेचं टोक दातांत धरून ती मागे रेलली होती. सूर्याजींनी ते पाहिलं आणि मुकाट्याने हातजाळं पाण्यात धरलं.

राजलक्ष्मीच होती. शेपटीची खाच तीच, बाकी तिचं काही राहिलं नव्हतं. डोकं मोठं दिसत होतं कारण अंग आटलं होतं. हेमांगीने ओल्या हाताने तोंड उघडून दाखवलं, म्हणजे ते मुळात मिटतच नव्हतं. वजनाचा काटा दोन किलोच्याही अलीकडे थांबला.

"टाके?" सूर्याजींनी विचारलं.

"कशाला घालू? ओठ उरलाच नाही."

"सोडली तर?"

"महिनाभर उपाशी राहील. मग मरेल." ती त्यांच्याकडे बघत होती. "मी काही करा म्हणत नाही, आबा. दिसतंय ते सांगितलं."

श्रावण होता. लग्नानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत सूर्याजींनी या महिन्यात डासाव्यतिरिक्त काही मारलं नव्हतं. मासा मारायचा लाकडी दस्ता याच कारणाने घरी होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. माधवरावांनी छत्री मिटली आणि तिची जाड लाकडी मूठ पुढे केली. सूर्याजींनी एकच टोला घातला, नीट, डोळ्यांच्या मागे. मग ते चिखलातच बसले.

माधवराव ओल्या छत्रीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, आणि त्यांच्यातला वकील जागा झाला. "सूर्याजी, एक कायदेशीर मुद्दा आहे. इकडच्या हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. काल राखीला त्यांचा सावन सरला. अख्ख्या पाटणकर बाजारात आज भादो आहे. श्रावण फक्त आपल्या चार मराठी घरांत चाललाय, अवसेपर्यंत. तुम्ही राहता ग्वाल्हेरात. स्थानिक कायदा लागू होतो."

दुसरा दिवस असता तर सूर्याजींनी या मुद्द्यावर वकिलाला मिठी मारली असती. याच पंचांगाच्या फटीतून ते दरवर्षी उलट बाजूने निसटत आले होते; शेजाऱ्यांचा सावन लागला की आपली अवस यायला पंधरा दिवस आहेत म्हणून खुशाल रस्सा ओरपायचे.

"नको, माधवराव," ते म्हणाले. "मारली ती श्रावणात मारली. तिचे हाल केले तेही श्रावणातच केले."

घरी दारातच त्यांनी विजयाबाईंना सगळं सांगितलं, काही न झाकता. विजयाबाईंनी पिशवीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्या ओरडतील असं हेमांगीला वाटलं होतं.

"फेकणार आहात?"

"नाही. फेकली तर मग कशाला मारली?"

"मग घरात श्रावण आहे," विजयाबाई म्हणाल्या. "गॅलरीत काय आहे ते मला ठाऊक नाही. आणि मी हात लावणार नाही."

छोटी शेगडी गॅलरीत आली, जुना तवा आला, विळी आली. सूर्याजींनी हजारो मासे घरी आणले होते आणि एकही स्वतः साफ केला नव्हता. धरायचा पुरुषांनी, निस्तरायचा बायकांनी, ही त्यांच्या घराण्याची लष्करी व्यवस्था होती. आता ते उकिडवे बसून राजलक्ष्मीचे खवले काढू लागले आणि खवले मिशीत जाऊ लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पाठ फिरवून, विजयाबाईंचा आवाज येत होता. "शेपटीकडून डोक्याकडे घासा. उलटं नाही. अहो, कल्ले आधी काढा." माधवराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते, घरी जा म्हटलं तर गेले नाहीत.

सूर्याजींनी पोट चिरलं. हेमांगीने वाकून आतडं बोटाने उघडलं. शेवाळ नव्हतं, पाला नव्हता, किडा नव्हता. पांढरी, चिकट कणीक होती, सकाळी त्यांनीच चारा म्हणून फेकलेली. बाकी सगळं आतडं रिकामं होतं. तुकडे करून त्यांना हळद चोळता चोळता सूर्याजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. हातांना हळद लागली होती म्हणून पुसताही येईना.

"मीठ," खिडकीतून विजयाबाई म्हणाल्या. "मीठ विसरलात."

जेवायला गॅलरीतच जमिनीवर बसले. मासा एका बाजूने करपला होता, दुसऱ्या बाजूने कच्चट होता. माधवरावांना विजयाबाईंनी दहीभात दिला आणि ते श्रावणात, माशाच्या पंक्तीला, मांडी घालून बसले. त्यांच्या सासूबाई असत्या तर घरात घेतलं नसतं. हेमांगीने आपलं ताट पुढे केलं. सूर्याजींनी तिला पाठीकडचा तुकडा वाढला, स्वतः डोक्याचा घेतला. काटे फार होते. 

"आश्विनात येशील?" सूर्याजींनी विचारलं.

"खाणार असाल तर येईन. एक दिवसाची रजा काढून."

"श्रावणात आता जाणार नाही मी. कधीच." ते थांबले. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं, पण आज दिवसभर खरंच बोलायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "पण एक सांगतो, हेमा. मला माशासाठी नाही जायचं असतं. खायला काय, बाजारात मिळतो. दोरी ताणली की इथे," त्यांनी छातीला हात लावला, "इथे काहीतरी होतं. मजा येते. कितीही वाद घाल, ती येते. आज सकाळी बूच बुडालं, तेव्हासुद्धा आली. तिची दशा माहीत असून आली. याला काय म्हणायचं ते तू म्हण."

हेमांगीने तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"मला पण आली, आबा," ती म्हणाली. "काठी माझ्याच हातात होती."